धागा: विकिमजकुराची झलक दाखवताना पूर्ण पान न बदलता फक्त बदललेला भाग कसा बदलायचा?

गोदाकाठ (परभणी)

मंडळी, डावीकडे विकिमजकूर (विकिपीडियाचं पान ज्या खुणांनी लिहितात तो कच्चा मजकूर) टाइप करायचा आणि उजवीकडे झलक लगेच दिसायची, असं पान बनवायलोय. चाचणीला 'मराठवाड्यातील तालुके' नावाचा एकच लांब मजकूर घेतलाय. आठ जिल्ह्यांचे आठ सेक्शन, मिळून ७६ तालुके, प्रत्येक जिल्ह्याला सॉर्ट होणारा तक्ता, वर माहितीचौकट, शेवटी संदर्भ.

(मराठी विकिपीडियावर 'विभाग:' हे लुआ मॉड्यूलच्या नामविश्वाचं नाव आहे. गोंधळ नको म्हणून मथळ्याखालच्या भागाला इथं सेक्शनच म्हणतो. आणि मोबाइलवरून लिहायलोय, म्हणून पॅरामीटरची नावं देवनागरीत. कोडात ती सगळी लहान लिपीत, सलग लिहायची.)

सध्याची रीत अशी: टेक्स्टबॉक्समध्ये काही बदललं की अख्खा मजकूर मीडियाविकीच्या (विकिपीडिया जिच्यावर चालतो ती प्रणाली) एपीआयला ॲक्शन=पार्सने ('या मजकुराचं एचटीएमएल करून दे' ही आज्ञा) पाठवतो आणि आलेलं एचटीएमएल इनर-एचटीएमएलने डब्यात ओततो. चालतंय, पण लई त्रास आहे. तक्ता सॉर्ट केलेला असला तर परत मूळ क्रमाला जातो. उघडलेली घडी मिटते. स्क्रोल उडून भलतीकडंच जातं. पटापट टाइप केलं तर कधीकधी जुन्या मजकुराची झलक नव्याच्या नंतर येऊन बसते.

नांदेडच्या १६ तालुक्यांतली किनवटची एक ओळ बदलली तर तेवढाच भाग बदलावा, एवढीच इच्छा. विकिमजकूर ब्राउझरातच पार्स करावा का?

---

बालाघाटी (बीड)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नका करू.

ठळक, तिरपं, दुवे, मथळे, साधी यादी एवढंच असतं तर शंभर-दोनशे ओळींच्या जावास्क्रिप्टमध्ये काम झालं असतं. पण तुमच्या पानात माहितीचौकट आहे. ती म्हणजे एक साचा, पानात नावाने बोलवायचा तयार तुकडा. तो साचा दुसऱ्या साच्याला बोलावतो, तो लुआ मॉड्यूलला (लुआ भाषेतल्या कोडाला), ते मॉड्यूल विकिडेटाला (विकींच्या सामायिक माहितीसाठ्याला). त्यात इफ, स्विच ही पार्सर फंक्शनं. हे सगळं सर्व्हरवर उलगडल्याशिवाय तक्ता कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हेही कळत नाही, कारण तक्त्याचा आरंभ एका साच्यात आणि शेवट दुसऱ्यात असू शकतो. डब्ल्यूटीएफ-विकिपीडियासारखी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, पण ती मजकुरातून माहिती काढायला. हुबेहूब झलक दाखवणं हे तिचं काम नाही.

शिवाय स्वतःच्या पार्सरमधून आलेलं एचटीएमएल थेट पानात ओतलं की सुरक्षेची जबाबदारी तुमच्या गळ्यात. मीडियाविकी धोकादायक टॅग आणि गुणधर्म सर्व्हरवरच गाळते. (ज्या खाजगी विकीवर कच्चं एचटीएमएल लिहायची सोय चालू ठेवलेली असते, तिथं हा भरवसा नाही.)

म्हणून पार्स सर्व्हरला करू द्या. ब्राउझराकडं दोनच कामं: कधी मागायचं आणि आलेल्यातलं किती लावायचं.

'कधी मागायचं' हे सोपं आहे. शेवटच्या बदलानंतर ५०० ते ७०० मिलिसेकंद शांतता झाली की मगच विनंती. नवी विनंती निघताना जुनी ॲबॉर्ट-कंट्रोलरने रद्द करा. एमडब्ल्यू-एपीआय वापरत असाल तर तिच्या प्रॉमिसवर ॲबॉर्ट असतंच. तरी प्रत्येक विनंतीला एक चढता क्रमांक द्या आणि उत्तर आलं की 'हा शेवटचाच क्रमांक आहे का' हे तपासा. रद्द करेपर्यंत उत्तर पोचलेलं असू शकतं. जुनी झलक नव्यावर बसते ती इथंच.

आणि विनंती पोस्टनेच पाठवा. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, आणि यूआरएलमध्ये टक्केवाल्या रूपात ९ अक्षरं. अपाचीची यूआरएल-ओळीची मूळ मर्यादा ८१९० बाइट आहे. म्हणजे गेटने पाठवलं तर नऊशे चिन्हांच्या आतबाहेरच ४१४ ची ('यूआरएल फार लांब') त्रुटी. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हे लवकर कळतही नाही.

---

पूर्णामाय (हिंगोली)

बालाघाटी दादांच्या सगळ्या म्हणण्याला +१. आता 'किती लावायचं' त्याबद्दल.

गोदाकाठ दादा, नवीन एचटीएमएलची तुलना पडद्यावरच्या डॉमशी (ब्राउझराने उभ्या केलेल्या घटकांच्या झाडाशी) करू नका. मागच्या वेळी सर्व्हरकडून जे आलं होतं त्याच्याशी करा. पडद्यावरचा डॉम पार्सरचा राहिलेलाच नसतो. घडीच्या स्क्रिप्टने त्यात क्लास घातलेले असतात, 'दाखवा/लपवा'ची बटणं चिकटवलेली असतात. सॉर्टच्या स्क्रिप्टने मथळ्याच्या ओळीला बाण लावलेले असतात, ओळींचा क्रम फिरवलेला असतो. त्याच्याशी कोरं एचटीएमएल ताडून बघितलं तर प्रत्येक वेळी सगळंच 'बदललेलं' निघतं. मग एवढा खटाटोप करून शेवटी पूर्ण पानच बदललं जातं.

रीत अशी ठेवा. आलेलं एचटीएमएल टेम्प्लेट घटकात ओता. साध्या सुट्या डिव्हमध्ये ओतू नका, कारण तो पानाला जोडलेला नसला तरी त्यातली चित्रं डाउनलोड व्हायला लागतात. टेम्प्लेटमधला मजकूर निष्क्रिय असतो, चित्रही मागवत नाही आणि स्क्रिप्टही चालवत नाही. मग एमडब्ल्यू-पार्सर-आउटपुट या डब्याच्या थेट अपत्यांवरून फिरा आणि दुसऱ्या पातळीचा मथळा आला की नवा गट सुरू करा. प्रत्येक गटाचं आउटर-एचटीएमएल जोडून एक स्ट्रिंग बनते, ती मथळ्याच्या आयडीखाली मॅपमध्ये ठेवा. पुढच्या वेळी त्याच आयडीची नवी स्ट्रिंग जुनीशी जुळली तर त्या गटाला हातच लावायचा नाही.

मथळ्याचं एचटीएमएल २०२४ मध्ये बदललंय हे लक्षात असू द्या. आधी एच-२ च्या आत एमडब्ल्यू-हेडलाइन नावाचा स्पॅन असायचा आणि आयडी त्याला असायचा. आता बाहेर एमडब्ल्यू-हेडिंग क्लासचा डिव्ह असतो, आत एच-२, आणि आयडी थेट एच-२ ला. नेटवरची जुनी उत्तरं उचलली तर गट पडतच नाहीत. खाजगी विकी जुन्या आवृत्तीवर असेल तर दोन्ही रूपं ओळखायला लागतात.

तुलनेआधी थोडी झाडलोट लागते, नाहीतर काही न बदलताही स्ट्रिंग वेगळी येते. शेवटी लिमिट रिपोर्टची टिप्पणी असते, तिच्यात पार्सला लागलेला वेळ असतो आणि तो दर वेळी वेगळा. डिसेबललिमिटरिपोर्ट द्या. संपादनाच्या दुव्यांत सेक्शनचा क्रमांक असतो. जालन्याच्या आधी एक सेक्शन घातला की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात. डिसेबलएडिटसेक्शन द्या. अनुक्रमणिका झलकेत नको असेल तर तीही बंद करा. आणि चालू वेळ दाखवणारा साचा पानात असेल तर तो गट दर वेळी बदलणारच, त्याला इलाज नाही.

---

मांजराकाठ (लातूर)

ताईंची रीत बरोबर, पण दर वेळी अख्खं पान पार्स कशाला? पेज= दिलं तर मीडियाविकीला पार्सर कॅशमधून तयार माल देता येतो. टेक्स्ट= दिलं की तसं काही नाही, पूर्ण पार्स नव्याने. आठ माहितीचौकटी असल्या तर आठही वेळा लुआ चालणार. कर्सर ज्या सेक्शनमध्ये आहे तेवढाच मजकूर पाठवला की उत्तर पटकन येतं आणि बदलायचं काय हा प्रश्नच उरत नाही.

पान उघडताना एकदा पूर्ण पार्स करा, प्रॉप=सेक्शन्स मागा. प्रत्येक सेक्शनसोबत बाइटऑफसेट येतो. टेक्स्टबॉक्सची सिलेक्शन-स्टार्ट घ्या, तिचे यूटीएफ-८ बाइट मोजा, कोणत्या दोन ऑफसेटांच्या मधे पडते ते बघा. झालं.

---

सहस्रकुंड (नांदेड)

मांजराकाठ सर, बाइट मोजू नका. नाव बाइटऑफसेट आहे, पण पार्सर आत मल्टिबाइट लांबी मोजतो. म्हणजे तो आकडा यूनिकोड कोडपॉइंटचा (एकेका चिन्हाचा) आहे, बाइटचा नाही. इंग्रजी पानावर दोन्ही सारखेच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडं बाइट मोजले तर कर्सर हिंगोलीत असताना झलक नांदेडच्याही पुढं जाते.

जावास्क्रिप्टची स्ट्रिंग यूटीएफ-१६ एककांत मोजते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात एकच एकक, त्यामुळं सिलेक्शन-स्टार्ट जशीच्या तशी ताडली तरी जुळते. फरक पडतो तो इमोजीसारख्या दोन एककांच्या चिन्हांनी. ते गृहीत धरायचं तर कर्सरआधीच्या मजकुराची ॲरे-फ्रॉमने लांबी घ्या.

साच्यातून आलेल्या मथळ्याला ऑफसेट नल येतो आणि इंडेक्स टी- ने सुरू होतो. ते गाळून टाका, तो मथळा तुमच्या टेक्स्टबॉक्समध्ये नसतोच.

आणखी एक. सेक्शन क्रमांक मागितला की त्याच्या पोटातले उपसेक्शनही येतात. 'नांदेड' खाली 'इतिहास' आणि 'तालुके' असे तिसऱ्या पातळीचे मथळे असतील तर नांदेडच्या उत्तरात तिन्ही. त्यामुळं कर्सर तिसऱ्या पातळीत असला तरी दुसऱ्या पातळीचा पूर्वज शोधून तोच पाठवा.

---

पूर्णामाय (हिंगोली)

ऑफसेटच्या बाबतीत आणखी एक गंमत. तो शेवटच्या पार्सच्या वेळचा असतो. त्यानंतर वर दोन ओळी टाइप केल्या की सगळे ऑफसेट तेवढ्याने सरकतात. मग लोक कंटाळून मथळ्याची अक्षरंच शोधतात, आणि तिथं 'शेतकऱ्यांचे प्रश्न' हा मथळा सापडत नाही.

कारण 'ऱ'. काही कीबोर्ड तो एकाच कोडपॉइंटने देतात, काही र अधिक नुक्ता असे दोन. दिसायला तंतोतंत सारखेच. मीडियाविकी आत येणारं सगळं एनएफसी या यूनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणते. एनएफसीमध्ये र अधिक नुक्ता जोडून एकच ऱ होतो. उर्दू-हिंदी शब्दांतल्या क़, ख़, ज़ यांच्या बाबतीत बरोबर उलटं. त्यांचा एकसंध कोडपॉइंट असला तरी एनएफसी त्याला फोडून दोन करते. म्हणजे तुमच्या टेक्स्टबॉक्समधली लांबी आणि सर्व्हरने मोजलेली लांबी इथंही एक-दोनने हुकू शकते. मजकूर पाठवायच्या आधीच नॉर्मलाइझ करून घ्या आणि ऑफसेट त्याच स्ट्रिंगवर लावा. न केल्यास एपीआय उत्तरात वॉर्निंग देते की अमुक पॅरामीटरमधला डेटा नॉर्मलाइझ केलेला नाही. वॉर्निंगकडं बघायची सवय लावा, तिथं लई गोष्टी आधीच सांगितलेल्या असतात.

---

गोदाकाठ (परभणी)

वा. मांजराकाठ सरांची रीत लावून बघितली. उत्तर खरंच पटकन येतंय. पण तीन नव्या भानगडी दिसायल्यात:

१. परभणीच्या सेक्शनमध्ये संदर्भाची जागा लाल त्रुटीने घेतली. नावाचा संदर्भ वर माहितीचौकटीत दिलाय, खाली फक्त नाव वापरलंय.
२. संदर्भांचे आकडे प्रत्येक सेक्शनमध्ये १ पासून.
३. छत्रपती संभाजीनगरच्या सेक्शनमधला रंगीत चौकटीचा साचा काढला आणि खालच्या सगळ्या सेक्शनमधल्या तशाच चौकटी बेरंग झाल्या!

तिसरं तर डोक्यावरून जायलंय. खालच्यांना हातही लावला नव्हता.

---

सहस्रकुंड (नांदेड)

तिसरं आधी, कारण त्यात तुमच्या कोडचा दोष नाही.

साच्याची स्वतःची सीएसएस टेम्प्लेट-स्टाइल्समधून येते. तोच साचा पानात आठ वेळा असला तर पार्सर ती स्टाइल पहिल्या ठिकाणीच पूर्ण लिहितो. पुढच्या सात ठिकाणी फक्त 'वरचीच वापरा' अशा अर्थाचा लिंक टॅग टाकतो. पूर्ण पान एकदम लावलं तेव्हा खरी स्टाइल छत्रपती संभाजीनगरच्या सेक्शनमध्ये पडली. तुम्ही तो सेक्शन एकटा पार्स करून बदलला, नव्या रूपात साचा नाही, म्हणून स्टाइलही गेली. खालचे सात जण नुसत्या लिंकवर जगत होते.

उपाय दोन. सोपा म्हणजे डिसेबलस्टाइलडिडुप्लिकेशन पॅरामीटर द्या. प्रत्येक ठिकाणी स्टाइल पूर्ण येते, एचटीएमएल जाड होतं, पण प्रत्येक सेक्शन आपल्या पायावर उभा राहतो. दुसरा म्हणजे आलेल्या प्रत्येक स्टाइल टॅगची डेटा-एमडब्ल्यू-डिडुप्लिकेट ही किल्ली बघून ती पानाच्या हेडमध्ये एकदाच ठेवायची आणि कधी काढायचीच नाही. झलकेपुरतं पान असेल तर मी पहिलाच घेईन.

पहिल्या भानगडीला सेक्शनप्रीव्ह्यू हा पॅरामीटर द्या. त्याने सेक्शनमधल्या संदर्भांची यादी झलकेच्या शेवटी आपोआप येते, संदर्भयादी नसल्याची ओरड होत नाही. पण दुसरीकडं व्याख्या असलेल्या नावाच्या संदर्भाचा मजकूर तरीही दिसत नाही. त्यासाठी पूर्ण मजकुरातून नावाच्या सगळ्या संदर्भांच्या व्याख्या गोळा करून ठेवा. सेक्शन पाठवताना त्यात ज्यांचं नुसतं नाव आलंय तेवढ्यांच्याच व्याख्या शेवटी रेफरन्सेस टॅगच्या पोटात जोडून द्या. सगळ्याच जोडू नका. यादीत व्याख्या आहे पण मजकुरात वापर नाही, असं झालं की वेगळी लाल त्रुटी येऊ शकते.

दुसऱ्याला इलाज नाही. सेक्शनला बाकीचं पान ठाऊकच नसतं.

---

बालाघाटी (बीड)

म्हणूनच दोन्ही रीती मिसळा. टाइप चालू असताना सेक्शनपुरतं. तीन-चार सेकंद हात थांबला की मागून एकदा पूर्ण पान, आणि ते ताईंच्या गटवार तुलनेने लावायचं. तोपर्यंत आकडे चुकीचे दिसले तरी चालतात, टाइप करणाऱ्याची नजर ओळीवर असते.

मात्र सेक्शनपुरतं आलेलं उत्तर तुलनेच्या मॅपमध्ये ठेवू नका. त्यात आकडे १ पासून असतात, शेवटी जादा संदर्भयादी असते. ते 'मागच्या वेळचं' म्हणून धरलं तर गोंधळ. त्या गटावर फक्त 'शिळा' अशी खूण करा, म्हणजे पूर्ण उत्तर आलं की तो गट न ताडताच बदलला जाईल.

पूर्ण पार्सला टायटल= द्यायला विसरू नका. टेक्स्ट= सोबत टायटल नसेल तर पार्सर मजकुराला 'एपीआय' नावाच्या पानाचा समजतो. मग पानाचं नाव विचारणारे सगळे साचे चुकीचं दाखवतात. माहितीचौकटीच्या डोक्यावर 'एपीआय' असं लिहून आलं तर कारण हेच.

---

मांजराकाठ (लातूर)

कोडपॉइंटची चूक कबूल, सहस्रकुंड.

गटवार तुलनेत एक प्रश्न. प्रत्येक जिल्ह्याखाली 'इतिहास' असेल तर आयडी इतिहास, इतिहास_2, इतिहास_3 असे पडतात. वरचा एक काढला की खालचे सगळे एकेक घर वर सरकतात.

---

पूर्णामाय (हिंगोली)

हो, तो बदल खराच आहे, कारण दुवे त्या आयडीवर जातात. पण गट दुसऱ्या पातळीवर पाडलेत आणि तिथं जिल्ह्यांची नावं वेगवेगळी आहेत, त्यामुळं किल्ली टिकते. आतली स्ट्रिंग बदलल्यामुळं ते गट बदलले जातील एवढंच. परवडतं.

क्रमांकावर जुळवू नका. वरचे सारखे आणि खालचे सारखे गट गाळून मधलेच बदलायचे, ही युक्ती पण इथं चालत नाही. एक संदर्भ वाढला की शेवटची संदर्भयादीही बदलते आणि 'मधला भाग' म्हणजे जवळजवळ पूर्ण पान होतं. किल्लीवरच जुळवा.

आयडीवरून घटक शोधताना क्वेरी-सिलेक्टरला पाउंड चिन्ह लावून आयडी देऊ नका. 'परभणी (शहर)' मधल्या कंसाला तो अडखळतो. '17 सप्टेंबर 1948' असा इंग्रजी आकड्याने सुरू होणारा मथळा असला तरी सिलेक्टर अवैध. मथळा '१७ सप्टेंबर १९४८' असेल तर मात्र बिनबोभाट चालतं, म्हणून चूक दडून राहते. गेट-एलिमेंट-बाय-आयडी वापरा. पत्त्यातल्या हॅशवरून शोधायचं तर आधी डीकोड-यूआरआय-कंपोनंट, तिथं देवनागरी टक्केवाल्या रूपातच हाती येते.

---

देवगिरी_रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

उशिरा आलो. पार्सॉइडचा (मीडियाविकीच्या दुसऱ्या, नव्या पार्सरचा) कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. रेस्ट एपीआयने पानाचं एचटीएमएल मागितलं तर पार्सॉइडचं येतं. त्यात प्रत्येक सेक्शन आधीच सेक्शन टॅगात गुंडाळलेला असतो आणि डेटा-एमडब्ल्यू-सेक्शन-आयडीमध्ये क्रमांक असतो. गट पाडायची मेहनतच नाही. जो सेक्शन थेट संपादता येत नाही, उदाहरणार्थ साच्यातून आलेला, त्याला उणे आकडा असतो. साच्यातून आलेल्या घटकांना मीडियाविकी-ट्रान्सक्लूजन असा टाइप-ऑफ असतो, आणि एकाच साच्याचे अनेक घटक असले तर सगळ्यांचा अबाउट गुणधर्म सारखा. बदलायचे तर ते सगळे मिळून एकच समजून बदला. त्यातला एक बदलून भावंडं जुनी ठेवली तर अर्धा साचा जुना, अर्धा नवा.

फास इथं असा आहे. अबाउटमधले क्रमांक पानभर ओळीने दिले जातात. वर एक साचा वाढला की खालचे सगळे सरकतात. एमडब्ल्यूने सुरू होणाऱ्या लहान लहान आयडींवरही भरवसा ठेवू नका. तुलनेआधी दोन्ही काढून टाका.

मॉर्फडॉमसारखी (जुना डॉम नव्याशी ताडून फरक तेवढाच लावणारी) लायब्ररी वापरणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. ती आयडीलाच घटकाची ओळख मानते. सरकलेल्या आयडींमुळं ती जालन्याचा परिच्छेद हिंगोलीच्या परिच्छेदाशी जुळवते, आणि मग दोन्हीकडं तोडजोड करत बसते. गेट-नोड-की बदलून फक्त मथळ्यांच्या आयडी मान्य करा. शिवाय ती पडद्यावरच्या डॉमशी ताडते, म्हणजे ताईंनी सांगितलेली अडचण तिथं आहेच. तुमच्या कामाला ती नकोच असं माझं मत. सेक्शन हा नेमका आकार आहे. त्याहून बारीक गेलात की साचे आणि संदर्भ आडवे येतात.

उपपानाचं नाव रेस्टच्या पत्त्यात देताना मधली तिरपी रेघ टक्केवाल्या रूपात द्या. 'धूळपाटी'ला हमखास ४०४ येतो तो त्यामुळंच.

---

गोदाकाठ (परभणी)

सगळं जोडलं. नांदेडची ओळ बदलली तर फक्त नांदेडचा गट बदलतोय, बाकीच्यांची सॉर्ट टिकतेय. पण बदललेल्या गटातला तक्ता सॉर्टच होईना. विकिपेज-कंटेंटचा हुक ('नवा मजकूर आलाय' हे स्क्रिप्टना कळवायची सोय) फायर करतोय, गटातले नवे घटक देऊन.

---

सहस्रकुंड (नांदेड)

हुकला घटकांचा सुटा संच दिलाय ना? हुक ऐकणाऱ्या बहुतेक स्क्रिप्ट फाइंडने आत शोधतात. फाइंड पोटातलं शोधतं, स्वतःला मोजत नाही. तक्ता हाच संचातला वरचा घटक असेल तर तो त्यांना दिसतच नाही. प्रत्येक गट एका डिव्हमध्ये गुंडाळा आणि हुकला तो डिव्ह द्या. आधी पानाला जोडा, मग फायर करा. पूर्ण डबा देऊन फायर करू नका, काही गॅजेटं न बदललेल्या गटांवर दुसरं बटण चिकटवून ठेवतात.

हुक असला तरी सॉर्टची स्क्रिप्ट लोड असायला पाहिजे. पार्सला प्रॉपमध्ये मॉड्यूल्स आणि जेएसकॉन्फिगव्हार्स मागा. आधी कॉन्फिग लावा, मग मॉड्यूल्स आणि मॉड्यूलस्टाइल्स दोन्ही एमडब्ल्यू-लोडरला द्या.

---

बालाघाटी (बीड)

त्या गुंडाळीच्या डिव्हला ओव्हरफ्लो-हिडन किंवा कंटेंट-व्हिजिबिलिटी लावायचा मोह होईल, 'लांब पान हलकं होतं' म्हणून. लावू नका. माहितीचौकट उजवीकडं तरंगती असते आणि मजकूर थोडा असला की ती खालच्या सेक्शनमध्ये उतरते. अशा डिव्हला ते उतरू देत नाही. मग मधे ही मोठी पांढरी जागा राहते, किंवा चौकट कापली जाते.

स्क्रोलचं: वरचा गट बदलला आणि उंची बदलली तर नवे ब्राउझर स्क्रोल-अँकरिंगने स्वतःच सावरतात, कारण आता तुम्ही सगळं मिटवत नाही. जिथं ती सोय नाही तिथं बदलाआधी पडद्यावर दिसणाऱ्या पहिल्या न बदललेल्या मथळ्याची उंची मोजा, बदलानंतर परत मोजा, फरकाएवढं स्क्रोल-बाय करा.

---

मांजराकाठ (लातूर)

तक्त्याचा शेवट लिहायच्या आधी झलक गेली तर? नांदेडचा तक्ता उघडा राहिला की लातूरपासून पुढचं सगळं त्याच्या पोटात.

---

पूर्णामाय (हिंगोली)

तेव्हा पुढचे मथळे डब्याची थेट अपत्यं राहत नाहीत, नांदेडचाच एक भला मोठा गट बनतो, आणि पुढच्या किल्ल्या गायब होतात. खरी झलक तशीच आहे, म्हणून तशीच दाखवायला हरकत नाही. फक्त टाइप करणारा माणूस तक्ता बंद करेपर्यंत पान दोनदा उलटंपालटं होतं. पूर्ण पार्समध्ये दुसऱ्या पातळीचे गट एकदम निम्म्याहून कमी झाले तर ते उत्तर लावू नका, वर 'तक्ता किंवा डिव्ह उघडा राहिलाय' अशी पट्टी दाखवा. पुढच्या पूर्ण उत्तरालाही गट तेवढेच आले तर मात्र लावा, माणसाने खरंच सेक्शन काढले असतील.

मोबाइलवर टाइप करणाऱ्यांसाठी: अँड्रॉइडच्या कीबोर्डवर शब्द पूर्ण होईपर्यंत कंपोझिशन (अक्षरं जुळवणं) चालू असतं. नुसतं कंपोझिशन-एंडवर थांबलात तर लांब शब्दाला झलक अडकते. इनपुट इव्हेंटवरच चालू द्या, इझ-कंपोझिंग खरं असेल तर मुदत ७०० ची १२०० मिलिसेकंद करा. 'कळमनु' वर झलक मागवून उपयोग नसतो, पण 'कळमनुरी' नंतर स्पेस दिली नाही म्हणून अडूनही राहायला नको.

---

देवगिरी_रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

हे पान विकीच्या बाहेरून, दुसऱ्या डोमेनवरून चालवणार असाल तर तीन गोष्टी. ओरिजिन=तारा हा यूआरएलमध्येच द्यायचा, पोस्टच्या पोटात दिला तर धरला जात नाही, आणि त्याने विनंती बिनखात्याची समजली जाते. एचटीएमएलमधले आतले दुवे तिरप्या रेघेने सुरू होतात, ते तुमच्या डोमेनवर जातील, म्हणून टेम्प्लेटमध्ये असतानाच पूर्ण पत्ता लावा. चित्रांचे पत्ते दोन तिरप्या रेघांनी सुरू होतात. पान संगणकावरच्या फाइलमधून थेट उघडलं तर ब्राउझर चित्रं डिस्कवर शोधतो. चाचणीलासुद्धा लोकल सर्व्हरवरूनच उघडा.

जतन केलेलं पान दाखवत असाल आणि 'औरंगाबाद', 'उस्मानाबाद' अशी २०२३ च्या आधीची नावं दिली जात असतील तर पेज= सोबत रिडायरेक्ट्स द्या. नाहीतर पुनर्निर्देशनाच्या बाणाची एक ओळ तेवढी येते.

---

गोदाकाठ (परभणी)

गुंडाळीच्या डिव्हने सॉर्ट चालू झाली. 'एपीआय' नावाची माहितीचौकटही गेली.

एकच राहिलं. पान नुसतं वाचायला उघडं असताना दुसऱ्याने साचा बदलला तर कळवायचं कसं? शेवटचा आवृत्तिक्रमांक दर मिनिटाला विचारतोय, तो बदलतच नाही.

---

सहस्रकुंड (नांदेड)

साचा बदलला तरी पानाची आवृत्ती तीच राहते. प्रॉप=इन्फो मागा, त्यात लास्टरेव्हआयडीसोबत टच्ड ही वेळ येते. साचा बदलून रांगेतलं काम पानापर्यंत पोचलं की टच्ड पुढं सरकतो, थोडा उशीर धरा. पान पर्ज केलं (कॅश पुसून ताजं केलं) तरी तो सरकतो, म्हणून टच्ड बदलला की लगेच डॉमला हात नको. पार्स मागवून गटवार ताडा, बहुतेक वेळा एकही गट बदललेला निघणार नाही. इव्हेंट-स्ट्रीम्सची थेट धार पण आहे, पण ती सगळ्या विकींची एकत्र येते आणि गाळायचं काम तुमच्या ब्राउझराला. एका पानासाठी तालुक्याच्या नेटवर ते झेपणार नाही.